तरवड, तरोटा की तंगेडू? माळावरच्या पिवळ्या फुलाची नावं आणि गोष्टी

बालाघाटी

नवरात्र तोंडावर आलंय, म्हणून हा धागा. विषय आहे तरवड. तुळजापूर, नळदुर्ग, येडशी या भागात माळावर, रस्त्याच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं सध्या जे पिवळंधमक झुडूप फुललंय ना, ते. आमच्याकडं घटाला पहिली माळ विड्याच्या पानांची. पुढं कारळ्याच्या फुलांची, तिळाच्या फुलांची, जे मिळेल ते. पण नऊ माळांत एक तरी तरवडाची नसली तर आत्या जेवत नाही.

वाद असा झालाय की आमच्या वहिनी जालना जिल्ह्यातल्या, त्या याला तरोटा म्हणतात. आत्या म्हणते, तरोटा ही श्रावणातली भाजी, ती देवीला घालतात होय? भाच्यानं मोबाईलमधल्या ॲपला फोटो दाखवला, तर तिसरंच नाव निघालं: आवारम. आता घरात तीन पक्ष झालेत.

तुमच्या गावाकडं याला काय म्हणतात ते सांगा. याच्याबद्दल काही गोष्ट, समजूत, रीत असेल तर तीही लिहा. औषधी उपयोगांचे फॉरवर्ड मात्र नकोत, ते व्हॉट्सॲपवर रोज येतात.

पानफूल

आत्यांच्या बाजूनं एक मत. (वनस्पतिशास्त्र शिकवते, अंबाजोगाईला.)

तरवड आणि तरोटा या एकाच कुळातल्या, अगदी एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत ‘जीनस’) बहिणी आहेत, म्हणून नावांची सरमिसळ होते. पण ओळखायला सोप्या. तरोटा, म्हणजे कोकण-देशावरचा टाकळा, हे पावसात उगवून हिवाळ्यात वाळणारं रोप. पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या, चुरगाळलं की उग्र वास, शेंगा बारीक, लांब, वितीएवढ्या. तरवड हे लाकडी खोडाचं झुडूप, पुरुषभर उंच होतं, वर्षानुवर्षं जागेवर असतं. पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ. वाळली की वाऱ्यानं खुळखुळते.

सगळ्यात पक्की खूण म्हणजे पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना असलेली गोल हिरवी उपपर्णं. कानासारखी दिसतात. शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलाटा’ हा शब्द त्या कानांवरूनच आलाय. पूर्वी हे झाड बाहव्याबरोबर ‘कॅसिया’त होतं, आता ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’. त्यामुळं जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांनी गोंधळू नये.

संस्कृतात आवर्तकी. गुजरातीत आवळ. तमिळमध्ये आवारम किंवा आवारै, म्हणजे भाच्याचं ॲप खोटं बोललं नाही, फक्त दुसऱ्या राज्यातलं बोललं. आणि भुईतरवड हे आणखी वेगळं, जमिनीलगत पसरणारं, वाकड्या शेंगांचं. सोनामुखीच्या जवळचं.

गंगथडी

वहिनींच्या बाजूनं कुणीच नाही म्हणून मी. आमच्याकडं परभणीत म्हातारी माणसं दोन्हीला तरोटाच म्हणतात. एक भाजीचा तरोटा, एक फुलाचा तरोटा. कुणाचं काही अडलं नाही आजवर. भाजीच्या तरोट्याचं बी गोळा करून बायका आडतीवर घालतात, चार पैसे होतात. फुलाच्या तरोट्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तर तो माळावर टिकला.

नांदेडकर_पावशेर

मग आमच्या नांदेडचं तरोडा कशावरून पडलं? तरवडावरून की तरोट्यावरून? तरोडा बुद्रुक, तरोडा खुर्द, दोन्ही आता शहरातच आलेत. प्लॉटचे भाव विचारू नका, झुडपाचं विचारा.

पानफूल

पावशेर, ध्वनीनं दोन्हीकडून येऊ शकतं, त्यामुळं मी पैज लावणार नाही. मराठवाड्यात झाडांवरून गावं ठेवायची रीत मोठी: बाभळगाव, पळसखेडा, हिवरा, चिंचोली, उंबरावरून उमरगा. नेवासे तालुक्यातलं तरवडी तर थेट तरवडाचंच वाटतं. मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ त्या गावातून निघायचा. खेड्यातून निघणारं सत्यशोधकांचं वर्तमानपत्र, म्हणून या गावाचं नाव इतिहासात आहे. झुडपाच्या नशिबात एवढं तरी आलं.

मन्याडकाठ

मी देगलूरचा. घरात तेलुगू, दारात मराठी, बाजारात उदगीरकडून आलेल्यांची कन्नडसुद्धा. आमच्याकडं हे तंगेडू. कन्नडवाले तंगडी म्हणतात. शाळेत कन्नड घरातली एक मुलगी ‘तंगडीची फुलं आणली’ म्हणाली की मराठी पोरं लोळायची हसून.

बालाघाटी ताई, तुमचा घट बसायच्या आदल्या दिवशी, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, आमच्याकडं बतुकम्मा सुरू होते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यात तेलुगू घरं भरपूर, आणि जिथं ती आहेत तिथं बतुकम्मा आहे. ताटात भोपळ्याची पानं अंथरायची, त्यावर फुलांचे गोल थर रचत निमुळतं शिखर करायचं, वर हळदीची गौरम्मा बसवायची. संध्याकाळी बाया ताटं मधे ठेवून टाळ्या वाजवत फेर धरतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘उय्यालो’. नवव्या दिवशी तळ्यात, नदीत सोडायचं. फुलं कुठली? मुख्य दोनच, बाकीची भर. एक गुनुगु, म्हणजे आपला कुरडू, जो शेतात आला की शेतकरी शिव्या घालतो. दुसरं तंगेडू. तंगेडूशिवाय बतुकम्मा रचलेली मी पाहिली नाही. २०१४ साली तेलंगणा वेगळं झालं, त्याच वर्षी बतुकम्मा राज्याचा सण ठरला आणि तंगेडू राज्यफूल.

आता गोष्ट. आमची अम्मम्मा, म्हणजे आईची आई, सांगायची ती अशी. दुसऱ्या घरी थोडी वेगळी ऐकाल.

सात भाऊ आणि त्यांची एकुलती एक बहीण. भावांचा जीव तिच्यावर, म्हणून भावजयांच्या डोळ्यांत सलायची. एकदा भाऊ शिकारीला लांब गेले आणि परतायला उशीर झाला. थोरली भावजय आणि नणंद तळ्यावर आंघोळीला गेल्या. वाऱ्यानं काठावरच्या साड्यांची अदलाबदल झाली आणि नणंदेनं चुकून भावजयीची साडी नेसली. तेवढं निमित्त पुरलं. घरी येऊन भावजयीनं दुधात विष कालवून तिला पाजलं आणि गावाबाहेर नेऊन पुरलं. तिथं तंगेडूचं झाड उगवलं आणि रानभर फुललं. भाऊ परत येताना त्या झाडाशी थांबले. बहिणीला फुलं न्यावीत म्हणून एकानं फांदीला हात घातला, तर झाडातून तिचाच आवाज आला. तिनं सगळं सांगितलं. भाऊ रडायला लागले, तर म्हणाली, मला परत नेऊ नका, दरवर्षी याच दिवसांत माझी फुलं रचून तळ्यात सोडा, मला बतुकम्मा म्हणून आठवा.

बतुकु म्हणजे जगणं. मेलेल्या पोरीला ‘जग, आई’ म्हणायचं, असं अम्मम्मा समजावायची. फांदी तोडताना आधी झाडाला हात लावून मग तोडायचं, हे आम्हाला तिनंच शिकवलं.

बालाघाटी

अंगावर काटा आला. मी आजवर बतुकम्मा फक्त टीव्हीवर पाहिली होती, हैदराबादची. ती नांदेड जिल्ह्यात होते हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

गंगथडी

ताई, आपण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो की. नकाशावर रेघ ओढली म्हणून तरवडानं फुलायची दिशा बदलली नाही. भावजयीनं नणंदेला छळायचं तर आपल्या जात्यावरच्या ओव्यांतही आहे, पण तिथं उलटं जास्त, नणंदच छळते.

साल_आणि_चुना

सगळे फुलाबद्दल लिहायलेत. मी सालीबद्दल लिहितो.

आमचं घराणं कातडं कमावणारं. ढोर समाज, कक्कय्या महाराजांचे आम्ही. बसवण्णांच्या मांडवात बसणारे शरण कक्कय्या. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला ओढ्याच्या पलीकडं आमची आळी होती आणि त्या ओढ्याच्या दोन्ही अंगाला तरवडच तरवड. आमच्या आजोबांना तरवड म्हटलं की फूल आठवायचं नाही, साल आठवायची.

पद्धत लिहून ठेवतो, कारण आमच्या घरातही आता कुणाला येत नाही. कच्चं कातडं आधी पाण्यात भिजवायचं, मग चुन्याच्या हौदात टाकायचं. केस सैल झाले की फळीवर पसरून केस आणि आतलं मांस धारेच्या हत्यारानं खरवडायचं. चुना धुवून काढायचा. चुना राहिला तर पुढं सगळं वाया. मग साल. तरवडाच्या जून फांद्या बायका तोडून आणायच्या, ठेचून साल सोलायच्या, वाळवून कुटायच्या. आधी सालीच्या पाण्यात कातडं मुरवायचं, आणि शेवटी ते पिशवीसारखं शिवून, आत कुटलेली साल आणि पाणी भरून लाकडाच्या घोड्याला टांगायचं. पाणी कातड्यातून ठिबकत खाली येतं. ते खाली धरायचं आणि पुन्हा वर ओतायचं. हे चालूच. थांबलं की एका बाजूला कच्चं राहतं. मग पिशवी उलटी करून, खालचं तोंड वर करून, परत तेच.

बाभळीच्या सालीनं कातडं तांबूस-काळपट आणि जरा कडक होतं. तरवडाच्या सालीनं फिकट रंगाचं आणि मऊ. मोटेला कुठलं वापरायचं, जोड्याला कुठलं, याचा हिशोब आजोबांच्या बोटांत होता. सोंडेची मोट शिवायची म्हणजे सोंडेचं कातडं वाकलं पाहिजे आणि पाणीही धरलं पाहिजे. गावातल्या प्रत्येक बागाईतदाराच्या विहिरीवर आमचं काम होतं. इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी आल्या, आणि मोटेबरोबर आमचं काम गेलं. आळीतले निम्मे सोलापूर, निम्मे मुंबईला गेले.

सालीसाठी झाड उपटत नव्हते हेही लिहितो. फांद्या बुडख्याशी छाटायच्या, पुढच्या पावसात ते चौपट फुटायचं. छाटलेल्या तरवडाला फूल जास्त येतं. तुमच्या माळांना जी फुलं लागायची, ती अशी यायची.

देवघर

माहिती चांगली आहे, पण नवरात्राच्या धाग्यात कातड्याचं वर्णन थोडं टाळता आलं असतं. घटाच्या माळेविषयी चाललं होतं. वेगळा धागा काढावा ही विनंती. राग नसावा.

साल_आणि_चुना

राग नाही. फक्त विचारतो. तुळजापूरला देवीपुढं संबळ वाजतो, त्याच्या तोंडावर काय असतं? तुमच्या गावात देवीची पालखी निघते तेव्हा हलगी असते का? आराध्यांच्या पायातलं पायताण कशाचं होतं? कमावलेल्या कातड्याशिवाय जुनं नवरात्र उभं करून दाखवा, मी वेगळा धागा काढतो.

बालाघाटी

धागा माझा आहे, म्हणून सांगते. कातडं इथंच राहील. मीच विचारलं होतं, या झाडाबद्दल जे असेल ते लिहा.

दादा, एक विचारू का? तुमच्या घरी घट बसायचा का, आणि त्याला तरवडाची माळ असायची का?

साल_आणि_चुना

बसायचा. घट आमच्याकडं पूर्वीपासून आहे, आजीच्या माहेराहून आलेला. माळ तरवडाचीच, दुसरं होतंच काय दाराशी? त्या नऊ दिवसांत फांदीला कोयता लावायचा नाही, एवढी आजीची शिस्त. फूल खुडायचं, फांदी नाही. नऊ दिवस आळीतलं सालीचं काम बंद, चुन्याचं चालू. दसऱ्याला हत्यारं पुजायची आणि दुसऱ्या दिवशी परत फांद्या.

मन्याडकाठ

आमच्याकडं नेमकं उलटं, त्याच नऊ दिवसांत भारे तोडतात. पण हात लावून तोडायचं आणि नऊ दिवस तोडायचंच नाही, यात मला फार अंतर वाटत नाही.

पानफूल

दादांनी लिहिलेलं एखाद्या विद्यापीठानं येऊन रेकॉर्ड करायला हवं, खरंच.

त्यांच्या हिशोबाला थोडी भर. तरवडाच्या सालीत टॅनिन साधारण १५ ते २० टक्के असतं. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनांशी ते जखडलं की कातडं सडत नाही, हीच कमावण्यामागची रसायनक्रिया. इंग्रजी व्यापाराच्या वह्यांत या सालीला ‘टरवार’ म्हणत, म्हणजे आपलंच नाव त्यांच्या तोंडून. मद्रासकडचे चामड्याचे मोठे कारखाने पूर्वी या सालीवर चालायचे आणि ते कातडं विलायतेला जायचं. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या बाभूळवर्गीय झाडाची साल यायला लागली. तिच्यात टॅनिन तरवडाच्या जवळपास दुप्पट. मग सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावायची क्रोमची पद्धत आली. तेव्हा दादांच्या आळीचं काम एकट्या मोटारपंपानं नेलं नाही, बंदरावरूनही हात लागला होता.

चेन्नईत_लातूरचा

नोकरीनिमित्त इकडं आहे म्हणून तमिळ बाजू. पोंगलच्या आधी भोगीला कोंगू भागात, कोईमतूर-इरोडकडं, कडुलिंबाचा पाला, आवारमची फुलं आणि सिरुपीळै नावाच्या पांढऱ्या फुलांची जुडी घराच्या वळचणीला आणि शेतात बांधतात. ती सिरुपीळै म्हणजे आपली कापूरमाधुरी, बांधावर असते ती. उन्हात काम करणारे आवारमचा पाला डोक्यावर ठेवून वर मुंडासं बांधतात, ऊन बाधत नाही म्हणे. आणि म्हण तर सगळ्यांच्या तोंडी. अर्थ असा: आवारम फुललेलं असताना मरणारा माणूस कुणी पाहिलाय का?

मन्याडकाठ यांची गोष्ट वाचून मला ही म्हण आठवली. तिकडं मेलेली पोर झाड होते आणि तिला जग म्हणतात. इकडं झाड फुललं की माणूस मरत नाही म्हणतात. दोन भाषा, मधे हजारेक किलोमीटर.

डॉ_माळरान

त्या म्हणीमुळंच मधुमेहवाले फुलांचा चहा पिऊन गोळ्या बंद करतात, म्हणून धागाकर्तीचा नियम मोडून दोन ओळी. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर कमी झालेली दिसली आहे, पण त्यावर गोळी सोडायची नसते. गोळी आणि चहा दोन्ही चालू ठेवलं तर साखर जास्तच उतरू शकते. सोनामुखीचं भावंड आहे, पोटही सैल होतं. संपलं, आता गोष्टी चालू द्या.

देवघर

संबळाचा मुद्दा मान्य. माझ्याकडून एक प्रश्न. सगळीकडं झेंडू असताना तरवडाचा आग्रह का? आमच्या गुरुजींनाही सांगता आलं नाही.

गंगथडी

कारण झेंडू नंतरचा. मूळचा तो मेक्सिकोकडचा, पोर्तुगीज वगैरे आल्यावर इकडं रुजला. त्याच्या आधी काय देव उघडे बसायचे का? आश्विनात कोरडवाहू माळावर पिवळं काय फुलतं ते बघा: कारळं, तरवड, सोनकी. जे दाराशी फुलतं ते देवाला. झेंडू विकत आणावा लागतो, तरवडाला फक्त लवकर उठावं लागतं. माझं मत आहे, पोथीत शोधू नका.

पानफूल

लवकर उठण्यावरून. सकाळी माळ करायला गेलात तर पाच मिनिटं भुंगे बघा. या फुलात मध नसतो, फक्त पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रात कोंडलेला. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो आणि पंख न हलवता जोरात घूंऽ करतो. त्या थरथरीनं पराग बाहेर उडतो. आवाज स्पष्ट ऐकू येतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर झटकू नका, फिकट पिवळ्या एमिग्रंट फुलपाखरांच्या असतात.

नांदेडकर_पावशेर

सगळं ठीक आहे, पण तरोड्याचा निकाल लागला नाही.

बालाघाटी

पावशेर, तुमचा निकाल तलाठ्याकडं. वहिनींना पानफूल ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ‘फुलाचा तरोटा’ हा गंगथडींचा शब्द उचलला आणि आत्याला सांगितलं की परभणीत असंच म्हणतात. वाद चालू आहे.

एक व्यवहाराचं विचारते. रस्ता रुंद करताना आमच्या शिवारातला बराच तरवड उपटला गेला. बांधावर लावायचा तर रोप आणावं लागेल का?

साल_आणि_चुना

रोप कशाला? माघ-फाल्गुनात वाळक्या शेंगा आणा. बी टणक असतं, तसंच टाकलं तर वर्षभर पडून राहील. कढत पाणी खाली उतरवून त्यात टाका, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी जे फुगलं ते पेरा. मुरमाड जागा द्या, खत नको. दुसऱ्या पावसानंतर फूल. शेळ्यांची भीती नाही, कुंपण नको. आणि मोठं झालं की अधूनमधून छाटत जा.

मन्याडकाठ

धर्माबादकडची बतुकम्मा बघायची असेल तर यंदा अष्टमीला या. शेवटच्या दिवशी तळ्यावर जेवढी ताटं असतील तेवढ्याच घरांचा सत्तू-मलीदा बांधून आणलेला असतो, उपाशी परत जाणार नाही. आत्यांनाही आणा. वहिनींनाही.